उंबरठ्याबाहेर टाकलेली वस्तू कोणाची?

घरातील केर झाडून उंबरठ्याबाहेर लोटला म्हणजे त्याविषयीचे आपले कर्तव्य संपले की नाही, हा प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांस प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. नीतीचा विचार करणाऱ्याने केराच्या टोपलीत कशासाठी डोकावावे, असेही कोणी म्हणेल. परंतु आम्हांस असे वाटते की, मनुष्य दुसऱ्यास काय देतो ह्यावरून त्याची जितकी परीक्षा होते, तितकीच तो काय टाकतो व कोणाच्या अंगावर टाकतो ह्यावरूनही होते. आणि ही दुसरी परीक्षा अधिक कठीण, कारण त्या वेळी कोणी पाहत नसते. हल्ली आमच्या बहुतेक मंडळ्यांतील एखाददुसरे कुटुंब तरी पोटापाण्यासाठी ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या बाजूस जाऊन राहिलेले आहे. सणासुदीस ती माणसे गावी येतात, गावची माणसे त्यांच्याकडे जातात, आणि जी राहणी आज तेथे आहे ती उद्या गावात येते. ह्यास्तव त्या शहरांचा दाखला घेऊनच आम्ही हा विचार करणार आहो.

प्रथम आपल्या गावचा उकिरडा पाहा. हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो खरा, परंतु उकिरडा ही मोठ्या शहाणपणाची गोष्ट होती. शेण, चुलीतील राख, गुरांपुढील वैरणीची चघळ, भाजीची देठे, घरातला केर, असे जे काही निरुपयोगी ठरे ते परड्यातील खड्ड्यात पडे, पावसापाण्याने कुजे आणि पेरणीपूर्वी गाड्या भरभरून शेतात जाई. उकिरड्याचीही दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्यांत म्हण आहे. आमच्या मते ही म्हण उकिरड्यावर अन्याय करणारी आहे. त्याची दैना दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी फिटत असे. घरातील वस्तूंचेही तसेच. लुगडे जुने झाले की त्याची वाकळ होई, वाकळ विरली की तिचे पोतेरे होई, आणि पोतेरे सारवणात झिजून मातीत जाई. फुटलेले तांब्यापितळेचे भांडे मोडीत देऊन त्यावर पैसे घालून नवे घेत. शहरांत बोहारीण दारी येई, जुने कपडे घेई व त्यांच्या बदल्यात भांडे देई. ते कपडे ती निवडी, धुई, शिवी आणि पुन्हा बाजारात विकी. कोणती वस्तू 'संपली' असे म्हणण्यापूर्वी ती चार हातांतून जात असे.

तथापि गावच्या जुन्या व्यवस्थेची नुसती स्तुती करून पुढे जाणे आम्हांस सत्याला धरून वाटत नाही. उकिरडा शेताला गेला, परंतु जे काही उकिरड्यावरही टाकता येत नव्हते ते कोणी उचलले? मेलेली गुरे ओढून नेणे, मैला वाहणे, रस्ता झाडणे ही कामे गावाने काही जातींच्या जन्मावर लिहून ठेवली होती. आमच्या कित्येक मंडळ्यांतील वाडवडिलांच्या वाट्याला तीच कामे आली होती, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. संकोच लावून देणाऱ्यांस वाटावा. १९२७ साली महाड येथील परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत गुरांची ही ओढाताण सोडून द्या असे आपल्या लोकांस सांगितले, तेव्हा त्यांनी केवळ एका धंद्याचा त्याग सांगितला नाही. 'आमची घाण तुझी' असे म्हणण्याचा गावाचा हक्कच त्यांनी नाकारला. ज्यांच्या आज्यांनी तो हक्क सोसला, त्यांची नातवंडे आज डोंबिवलीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि रोज सकाळी एक पिशवी दाराबाहेर ठेवतात. त्या पिशवीत काय आहे, हाच आमचा प्रश्न आहे.

ती पिशवी कोठे जाते ते पाहू. ठाणे शहरास स्वतःची सोयीस्कर अशी क्षेपणभूमी दीर्घकाळ नव्हती, आणि अनेक वर्षे शहराचा कचरा दिव्याच्या बाजूस जाऊन पडत असे. कोकणातील आमच्या वाचकांस दिवा हे स्थानक ठाऊक आहे. सावंतवाडीस जाणारी गाडी तेथूनच सुटते. तेथे स्वस्तात घर मिळते म्हणून गेलेल्या गरीब कुटुंबांनी त्या ढिगाऱ्याचा धूर व दुर्गंधी वर्षानुवर्षे सोसली. तो ढीग २०२३ साली बंद झाला. मध्यंतरी भंडार्ली ह्या गावी तात्पुरती सोय करण्यात आली, आणि तेथील ग्रामस्थांनी तिला विरोध केला. शहराचा कचरा आमच्या शिवारात का, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे डायघर येथे प्रक्रियेचा कारखाना उभा राहिला, त्यालाही आसपासच्या गावांचा विरोध होता. कल्याणास खाडीजवळ आधारवाडी येथे कित्येक दशके डोंगर साठत गेला. उन्हाळ्यात त्याला वारंवार आगी लागत व सबंध कल्याणावर धूर पसरे. अखेर २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची नीट व्यवस्था होत नाही ह्या कारणास्तव कल्याण-डोंबिवलीत नवीन बांधकामांस परवानगी देण्यासच मनाई केली. ती मनाई सुमारे वर्षभराने, २०१६ साली, उठली. कचऱ्यापायी शहराची वाढ थांबविण्याचा प्रसंग यावा, ही लहान गोष्ट नव्हे.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. 'बाहेर' म्हणून जी जागा आपण मनात धरतो, ती जगात कोठेही नाही. आपल्या उंबरठ्याचे बाहेर म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी उंबरठ्याचे आत. आणि तो दुसरा मनुष्य बहुधा आपल्याहून गरीब असतो. श्रीमंत वस्तीच्या मध्यावर क्षेपणभूमी झाल्याचे आम्ही अद्याप ऐकले नाही. आफ्रिकेत अदिस अबाबा शहरी २०१७ साली कचऱ्याचा डोंगर ढासळून त्याच्या पायथ्याशी राहणारी शंभरांहून अधिक माणसे गाडली गेली. फिलिपाइन्समध्ये २००० साली असेच घडले व दोनशेंहून अधिक माणसे मेली. ती सर्व पायथ्याशी राहणारी होती. वर ज्यांनी टाकले त्यांपैकी कोणीही त्यांत नव्हते.

आता कोणी विचारील की, कचरा निर्माण तर होणारच. मग ओला निराळा व सुका निराळा ठेवल्याने असे काय मोठे साधते? ह्याचे उत्तर गृहिणीस चटकन पटेल. भाताचे उष्टे व वर्तमानपत्र एका पिशवीत बांधून ठेवले तर सायंकाळपर्यंत दोहोंचीही माती होते, परंतु खत होत नाही. निराळी ठेवलेली भाजीची देठे हवा लागून कुजली तर महिना-दोन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत होतात. तीच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ढिगाखाली दाबली गेली तर हवेवाचून सडतात, त्यांतून ज्वालाग्राही वायू निघतो, आणि उन्हाळ्यातील त्या आगी बहुतेक ह्याच वायूने धुमसत राहतात. कोरड्या रद्दीस भाव आहे, आमटीने भिजलेल्या रद्दीस नाही. ॲल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हा ॲल्युमिनियम करण्यास, खनिजापासून ते नव्याने काढण्याच्या मानाने, विसावा हिस्सा शक्तीच पुरते. म्हणजे निवडलेला कचरा हा बहुतांशी माल असतो व मिसळलेला माल हा कचरा असतो. सरकारने २०१६ साली नियम करून घराघरांत ओला, सुका व घातक असे वर्गीकरण आवश्यक ठरविले. त्यापूर्वी वीस वर्षे, १९९६ साली, अलमित्रा पटेल ह्या बाईंनी शहरांच्या कचऱ्याविषयी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती, आणि त्या खटल्यातून २००० सालचे पहिले नियम निघाले होते. नियमांस उशीर झाला असे म्हणता येणार नाही. उशीर आपल्या स्वयंपाकघरांत झाला.

परंतु खत, रद्दी व वायू हे सर्व बाजूस ठेवले तरी एक कारण उरते, आणि आम्हांस तेच सर्वांत वजनदार वाटते. ती पिशवी कोणी तरी हाताने उघडते. कचरावेचक स्त्रिया पहाटेपासून कुंड्या व ढिगारे धुंडाळतात, त्यांतून कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक वेचून भंगारवाल्यास विकतात आणि घर चालवितात. पिशवीत दाढीचे पाते आहे, फुटलेला पेला आहे, मधुमेहाच्या इंजेक्शनची सुई आहे, लहान मुलाचा घाणीने भरलेला लंगोट आहे, हे तिला हात घालीपर्यंत कळत नाही. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव ह्यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. ह्या स्त्रियांची ती संघटना होय. तिच्यातूनच निघालेल्या 'स्वच्छ' ह्या सहकारी संस्थेने पुढे गृहिणींस एक साधी विनंती केली: मासिक पाळीची वापरलेली वस्त्रे व लंगोट कागदात गुंडाळा आणि त्यावर तांबडा ठिपका काढा, म्हणजे आम्हांस ते उघडावे लागणार नाहीत. किती अल्प मागणी! पगार वाढवा असे नव्हे, आम्हांस घरात बसवा असे नव्हे. एक ठिपका काढा, एवढेच. शिकलेल्या गृहस्थांच्या हातून तोही निघत नाही, तेव्हा 'मनुष्यमात्र समान' हे वाक्य आपण कोणत्या तोंडाने म्हणतो, असा प्रश्न आम्हांस पडतो.

मोशेच्या नियमशास्त्रात शेतकऱ्यास अशी आज्ञा आहे की, कापणी करिताना शेताच्या कडा अगदी साफ कापू नयेत व पडलेला सरवा वेचू नये. तो गरिबांकरिता व उपऱ्यांकरिता राहू द्यावा. रूथ मवाबी अशाच सरव्यावर आपल्या सासूस जगवीत होती. आमच्या काही बंधूंनी शहरातील कचरावेचक स्त्रीस आधुनिक काळची रूथ म्हटलेले आम्ही ऐकले आहे. तुलना गोड आहे, परंतु ती अर्धवट आहे. बवाजाच्या शेतातील सरवा हे स्वच्छ धान्य होते. त्यात कोणी शेण कालविले नव्हते, काचा पेरल्या नव्हत्या. उलट, तिला लाजवू नका अशी धन्याची गड्यांस ताकीद होती. आपण जे सोडतो ते सरवा की घाण, हे तिच्या हातात नाही, आपल्या हातात आहे, आणि ते ठरविण्यास रोज फार तर पाच मिनिटे पुरतात.

ह्यावर शहरातील सुशिक्षित मंडळी दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, आम्ही कर भरतो. निवडण्याचे काम महानगरपालिकेने करावे. कर भरून दुसऱ्याचे श्रम विकत घेता येतात हे आम्हांस मान्य आहे. घंटागाडी आणणे, वाहून नेणे, खत करणे ही कामे करातूनच व्हावीत व ती नीट न झाल्यास नागरिकांनी जाब विचारावा. परंतु दुसऱ्याच्या बोटाची जखम कोणत्याही करात विकत घेता येत नाही. जी घाण मिसळण्यापूर्वी निवडण्यास आपणांस पाच मिनिटे लागतात, तीच मिसळल्यावर निवडण्यास दुसऱ्याचा दिवस जातो व प्रकृतीही जाते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. 'आम्ही निराळे करून देतो आणि गाडीवाला आमच्या डोळ्यांदेखत सर्व एकत्र ओततो. मग आमच्या निवडण्यास अर्थ काय?' असे घडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या श्रमाचा पुढे चुराडा होतो तो श्रम मनुष्याने किती दिवस करावा, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे, आणि 'तू आपले कर्तव्य कर' एवढे म्हणून तो सुटत नाही. आमचे म्हणणे असे की, जेथे गाडीत मिसळले जाते तेथे दिवस, वेळ व गाडीचा क्रमांक लिहून तक्रार करणे हा निवडण्याचाच भाग समजावा. सोसायटीतील दहा बिऱ्हाडांनी मिळून ती केली तर तिला वजन येते. शिवाय निराळ्या ठेवलेल्या सुक्या कचऱ्यास एक गुण आहे, तो म्हणजे त्याला थांबता येते. तो सडत नाही, वास मारीत नाही. महिनाभर एका पोत्यात साठवून तो गाडीत न टाकता थेट भंगारवाल्यास किंवा वेचणाऱ्या बाईस देता येतो. मिसळणाऱ्या गाडीचे बंधन मग तेवढ्यापुरते सुटते. कल्याण-डोंबिवलीत मे २०२० मध्ये, महामारीच्या ऐन कहरात, महानगरपालिकेने न निवडलेला कचरा घेणार नाही असे जाहीर केले, तेव्हा लोकांनी पुष्कळ कुरकुर केली. तरी पुढच्याच वर्षी, २०२१ साली, आधारवाडीस कचरा टाकणे बंद झाले. उंबर्डे व बारावे येथील प्रक्रियेच्या केंद्रांचा त्यात वाटा होता. परंतु केंद्र कितीही चांगले असले तरी त्यात मिसळलेली घाण ओतली तर ते बंद पडते.

येथे आम्ही एका गोष्टीविषयी सावध करू इच्छितो. चाळीतील एका खोलीत सहा माणसे राहतात, घरची स्त्री पहाटे उठून दोन घरची धुणीभांडी करते. तिच्या दारात तीन रंगांचे तीन डबे नाहीत म्हणून तिला दोषी ठरविणारा उपदेश आम्हांस मान्य नाही. खिळ्यास टांगलेल्या दोन पिशव्या तिला पुरेत. तिच्या घरात मुळी टाकण्यासारखे फारसे निघतच नाही. ज्याच्या दारी रोज पुठ्ठ्याचा एक खोका येतो, खोक्यात फुगवलेल्या प्लॅस्टिकची गादी, गादीत पिशवी आणि पिशवीत हाताएवढी वस्तू असते, त्या गृहस्थाने खोका उलगडून सुक्यात ठेवला म्हणजे हिशेब पुरा झाला असे मानू नये. वर्गीकरण हे प्रायश्चित्त नव्हे. घेण्यावर मर्यादा नसलेल्याची निवड कितीही काटेकोर असली तरी ढीग वाढतच राहतो.

आता नकोशा झालेल्या वस्तूंविषयी. कचऱ्याहून हा विषय नाजूक आहे, कारण येथे टाकणे हे दानाचा वेष घेऊन येते. गेल्या काही वर्षांत नाताळापूर्वी शहरांतून खेड्यांतील मंडळ्यांकडे कपड्यांची गाठोडी येतात. असे एक गाठोडे सोडले जात असताना आम्ही तेथे होतो. त्यात चांगले स्वेटर होते, धडके परकर होते, आणि त्यांबद्दल लोकांनी मनापासून आभार मानले. परंतु त्यांच्याच खाली गुंड्या नसलेले सदरे, कोणा शाळेचे नाव भरतकामाने विणलेला गणवेश, एका पायाचे पायताण, पाठ फुटलेले खेळणे आणि घामाने पिवळे झालेले आतले कपडे निघाले. मंडळीतील वृद्ध स्त्रियांनी बसून निवड केली. वाकळीस योग्य ते निराळे, पोतेऱ्यास योग्य ते निराळे. उरले ते मोठे ओझे होते, आणि बरेचसे कृत्रिम धाग्याचे, न कुजणारे. त्या गावात घंटागाडी येत नाही. ज्या शहरात रोज सकाळी दारी गाडी येते तेथील लोकांनी आपला केर, गाडी नसलेल्या गावाकडे, धर्म म्हणून पाठविला होता. आणि पाठविताना त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हे त्यातील सर्वांत खेदाचे. ज्यास देतो त्याचे नाव घेऊन, त्याच्या डोळ्यांस डोळा देऊन ही वस्तू आपल्या हाताने देता येईल काय, एवढे विचारले असते तरी गाठोडे निम्मे हलके झाले असते. फाटके कापड फाटके म्हणून द्यावे, वाकळीसाठी द्यावे. त्यात कमीपणा नाही. ते पोशाख म्हणून देणे ह्यात आहे.

डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुढाकाराने पुस्तकांच्या आदानप्रदानाचा उत्सव भरतो. वाचून झालेले पुस्तक घेऊन यावे व त्याच्या बदल्यात दुसऱ्या कोणी आणलेले पुस्तक न्यावे, अशी त्याची रीत आहे. तेथे देणारा वर व घेणारा खाली असे नसते. प्रत्येक जण दोन्ही असतो, आणि आपल्या पुस्तकाची पाने फाटलेली असू नयेत ह्याची लाज आपोआप राहते. भांडी, शाळेची दप्तरे, पाळणे, सायकली ह्यांचे असे एखादे आदानप्रदान आमच्या तालुक्याच्या मंडळ्यांनी वर्षातून एकदा का भरवू नये? त्यास फार खर्च नाही. उपासनामंदिराचे अंगण पुरेल.

राहता राहिल्या त्या वस्तू, ज्या कोणास देताही येत नाहीत व उकिरड्यातही टाकता येत नाहीत. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी शांपूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटे, दुधाच्या पिशव्या गावच्या उकिरड्यात आहेतच. शेणखताबरोबर त्या शेतात जातात, आणि मोकाट गुरे त्या खातात. पशुवैद्यांनी गाईच्या पोटातून कित्येक किलो प्लॅस्टिक काढल्याची उदाहरणे आहेत. कित्येक घरी ते चुलीत पेटणासाठी घालतात. तो धूर भाकरी करणाऱ्या बाईच्या व तिच्या मांडीवरील लेकराच्या छातीत जातो, म्हणून ही चाल तरी आजपासून बंद करावी. बॅटरीचे सेल, मोडके मोबाइल, पारा असलेल्या नळ्या, मुदत टळलेली औषधे ह्यांना शहरांत कोठे कोठे जमा करण्याची सोय आहे, खेड्यांत बहुधा नाही. ग्रामसभा प्रजासत्ताक दिनी, महाराष्ट्र दिनी, स्वातंत्र्यदिनी व गांधी जयंतीस भरविण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यांपैकी जी जवळची असेल तीत मंडळीच्या पंचांनी हा विषय लेखी मांडावा, आणि तालुक्याच्या गावी ह्या वस्तू वर्षातून दोनदा नेऊन पोचविण्याची तजवीज मागावी. तोपर्यंत सेल एका कोरड्या, झाकणाच्या बरणीत, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा फळीवर ठेवावेत, आणि फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर 'काच' असे मोठ्या अक्षरांत लिहावे.